डबल ओचा पाहुणा

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद धरावा, असं सगळेच सांगतात. तो छंद गावाला परवडेल असा असावा, हे मात्र कोणी सांगत नाही. मी आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगांचा नाद धरला. बागकाम धरलं असतं तर फार तर चार गुलाब मेले असते.

करंजाच्या बंदरावर या विषयाला गिऱ्हाईक नाही. जाळं सांधत बसलेल्या माणसाला मी विचारतो, "शिंद्यांचं इंग्रजीत सिंदिया कसं झालं, ठाऊक आहे?" तो विचारतो, "कुठल्या शिंद्याचं?" आणि सुई चालूच ठेवतो. तरी मी हटत नाही. गायकवाडांचं साहेबाने ग्विकोवार केलं होतं, हे मी बर्फ फोडणाऱ्यांना ऐकवलं आहे. आणि माझा हुकमी एक्का पनवेलचा. प्रबोधनकार ठाकऱ्यांचा जन्म 1885 सालचा, पनवेलचा. घराणं आधी धोडपकर. वडील लावायचे पनवेलकर. मुलाला शाळेत घालताना त्यांनीच आडनाव सांगितलं ठाकरे. आणि पुढे इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा प्रबोधनकारांनी विल्यम मेकपीस थॅकरे या कादंबरीकाराचं स्पेलिंग उचललं, असं सांगतात. "तीन पिढ्यांत तीन आडनावं, आणि वर स्पेलिंग कलकत्त्यात जन्मलेल्या एका साहेबाचं!" एवढं बोलून मी दाद मिळेल म्हणून थांबतो. समोरचा विचारतो, "आज बोंबील काय भाव लावलाय?"

अशा माणसाला मुंबईतल्या ओळखीच्या एका प्राध्यापकांचा फोन यावा, यात मला नियतीचा हात दिसला. "मॉरिशसचे एक गृहस्थ आलेत. मूळ गाव शोधताहेत. जुन्या कागदावर करंजा असं काहीतरी दिसतंय. जरा बघाल का?"

जरा? मी त्याच संध्याकाळी फ्लेक्सवाल्याला गाठलं.

पाहुण्यांचं खरं आडनाव इथे छापत नाही. सोयीसाठी त्यांना धोंडू म्हणू. तसं म्हणण्यात गंमत अशी की, धोंडू हे आडनाव नव्हेच, ते त्यांच्या खापरपणजोबांचं नाव. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी 1834 पासून करारावर मजूर नेले जाऊ लागले. कलकत्त्याहून निघालेली 'अ‍ॅटलस' बोट त्या वर्षी 2 नोव्हेंबरला 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागली. ती तारीख आजही तिथे सार्वजनिक सुट्टीची असते. पुढे साधारण 1920 पर्यंत जवळपास पाच लाख माणसं त्या धक्क्यावर उतरली. बहुतेक बिहार आणि आसपासची, बरीच मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही. कारकून विचारायचा, नाव काय? माणूस सांगायचा, धोंडू. बापाचं नाव? रामा. आडनावाचा प्रश्नच नव्हता, कारण गावी ते कोणी विचारत नसे. पुढे मुलाला मूल झालं, नोंदणी करायची वेळ आली, तेव्हा धोंडू हेच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आणि नंतरचे अनिरुद्ध जगन्नाथ यांची आडनावंही अशीच कोणाची तरी नावं आहेत. इंग्रजी अक्षरांवरून वाचाल तर ती सीवूसागर रामगूलाम आणि अनरूद जगनॉथ अशी काहीतरी लागतात.

या मजुरांच्या नोंदींची जाडजूड रजिस्टरं तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत. नंबर, नाव, बाप, वय, जात, गाव, जिल्हा, सगळं त्यांत लिहिलेलं. धोंडूसाहेब त्यातल्याच एका नोंदीची प्रत घेऊन भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरात उतरले. उतरले म्हणजे त्यांना उतरवून घ्यावं लागलं. चेहरा कच्च्या कैरीच्या रंगाचा. म्हणाले, "मी आपला अत्यंत आभारी आहे. आमच्या कुटुंबात सर्वांना जलप्रवासाचे भय आहे."

मराठी ते शाळेत शिकलेले. तिथे मराठीचे वर्ग भरतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्यामुळे त्यांचं मराठी पाठ्यपुस्तकासारखं शुद्ध, आणि आमच्या बंदरावरचं बोलणं त्यांना फ्रेंचपेक्षा अवघड. दुभाषा म्हणून मी मध्ये बसलो. पुढे जे घडलं त्याला ही बैठकव्यवस्था बरीच कारणीभूत आहे.

रिक्षात बसल्या बसल्या मी कागद मागितला. झेरॉक्सची झेरॉक्स होती. गावाच्या रकान्यात सी-ए-आर-ए-एन-जे-ए, आणि शेवटी एक वाय. जिल्ह्याच्या रकान्यात सुरुवातीला मोठा शाईचा डाग आणि पुढे टी-टी-ए, मग काहीतरी वळवळ, शेवटी एच.

इथे माझ्यातला विद्वान जागा झाला. पोर्तुगीज आमच्या बेटाचं नाव सी घालूनच लिहायचे. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर करंजाही इंग्रजांकडे राहिलं, तेव्हाही कागदावर सीच होता. जिल्ह्याचं तर मी डोळे मिटून सांगितलं. आज आम्ही रायगडात आहोत. 1981 आधी याच जिल्ह्याला कुलाबा म्हणायचे. पण 1883 पर्यंत पनवेल, उरण आणि करंजा कुलाब्यात नव्हतेच, ते ठाणे जिल्ह्यात होते. आणि ठाण्याचं जुनं स्पेलिंग काय? टी-ए-डबल एन-ए-एच. टॅना! टी आहे, ए आहे, शेवटी एच आहे. मधली वळवळ म्हणजे डबल एन. हे कोणाला ठाऊक असतं? मला. पाहुणे भारावले. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे आदराने पाहिलं, असं मला वाटलं. खरं तर तो मागचा डंपर बघत होता.

"आणि हा शेवटचा वाय?" धोंडूसाहेबांनी विचारलं.

"कारकुनाची लकेर," मी म्हणालो. "सही केल्यासारखं करतात ते."

मग मी त्यांना डबल ओचं रहस्य सांगितलं, आणि ते खरोखर खरं आहे, हे इथे नमूद करायला हवं, कारण त्या दिवशी मी सांगितलेलं फार थोडं खरं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारकून आपली नावं गिलख्रिस्टच्या वळणाने लिहायचे. गिलख्रिस्ट म्हणजे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले हिंदुस्तानीचे प्राध्यापक. त्यांच्या पद्धतीत ऊ म्हणजे डबल ओ, ई म्हणजे डबल ई, आणि र्‍हस्व अ म्हणजे चक्क यू. म्हणून पंजाबात पी-यू-एन आलं आणि पुण्याला दोन ओ लागले. म्हणून मुंबईत जगन्नाथ शंकरशेटांच्या नावाची सुरुवात जे-यू-जीने व्हायची आणि मॉरिशसमध्ये जगन्नाथ पंतप्रधानांच्या आडनावाचीही तशीच होते. पुढे 1870 च्या दशकात विल्यम हंटर यांची नवी पद्धत सरकारने उचलली, आणि इकडे हळूहळू यूचे ए झाले, डबल ओचे यू झाले. पण जी नावं त्याआधी बोटीत बसली होती त्यांना हंटरसाहेब कुठून भेटणार? ती तशीच राहिली. तिकडे वर फ्रेंच बोलणाऱ्या कारकुनांचा हात फिरला. त्यांच्यात ऊ म्हणजे ओ-यू, आणि एच हे अक्षर लिहायचं, पण बोलायचं नाही. त्यामुळे धोंडूसाहेबांच्या आजोबांच्या स्पेलिंगात डबल ओ आहे, चुलत्यांच्यात ओ-यू, आणि एका चुलत शाखेत तर सुरुवातीचा एच गळून ते दोंदू झाले आहेत.

"आणि आपले आडनाव?" त्यांनी अदबीने विचारलं.

मी माझं कार्ड दिलं. एम-एच-ए-टी-आर-ई. त्यांनी फ्रेंच सवयीने एच गिळला, शेवटचा ई गिळला, आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार, मस्य मात्र."

मस्य म्हणजे फ्रेंचमधलं श्रीयुत. तेव्हापासून ते मला मात्र म्हणू लागले. बायको म्हणाली, बरोबर आहे, तुमच्या प्रत्येक वाक्यात एक मात्र असतंच.

दुपारी पंगत. ताजे बोंबील, जवळा, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. पाहुणे मनापासून जेवले. "बघा," मी सगळ्यांना सांगितलं, "पाच पिढ्या गेल्या, पण जीभ घर विसरली नाही." धोंडूसाहेब नम्रपणे म्हणाले, की त्यांच्या घराजवळ मासळीबाजार आहे आणि ते रोजच मासे खातात. हे वाक्य मी भाषांतरित केलं नाही.

जेवणानंतर मी त्यांना पाड्यापाड्यांतून फिरवलं. द्रोणागिरी देवीला नेलं. वाटेत एकेक पुरावा पुढे येत गेला, आणि मी एकेकाची व्यवस्था लावत गेलो. कागदावर जात लिहिली होती के-डबल ओ-एन-बी-डबल ई. कुणबी. करंजा तर कोळ्या-आगऱ्यांचं. मी म्हणालो, कारकुनाने कोळी ऐकलं आणि कुणबी लिहिलं. सुरुवात तर तीच आहे ना? घरात सगळ्यांना पाण्याची भीती. मी म्हणालो, त्या पहिल्या प्रवासाचा धसका, पिढ्यान्‌पिढ्या उतरलेला. घरी परतून हे सगळं सांगत होतो, तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकत असलेली माझी धाकटी आत्या म्हणाली, "पानी बगून घाबरतंय, त कोली कसला रं?"

आत्या म्हणजे आमच्या भागातली जुनी धवलारीण. हळदीला धवले म्हणते, आणि कोणाचं घर कुठून आलं, कोणाची सोयरीक कोणाशी, हे सगळं तिला तोंडपाठ. तिच्या संग्रहात एकही स्पेलिंग नाही. म्हणून मी तो विद्वत्तेचा स्रोत मानत नव्हतो.

तिनेच पुढे विचारलं, "देव कोनचा तुमचा?" मी भाषांतर केलं. धोंडूसाहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आमच्या आजी शपथ घेत, ती सिंगनापूरच्या महादेवाची. आमच्या जुन्या घरावर तेच नाव लिहिलेले होते. शेवटी पी-डबल ओ-आर."

पी-डबल ओ-आर! सगळे माझ्याकडे बघू लागले. मी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणालो, "सिंगापूर. बोट आधी सिंगापूरला जायची असणार. तिथला महादेव."

मॉरिशस मुंबईच्या नैर्ऋत्येला आहे आणि सिंगापूर आग्नेयेला, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. पण एकदा का 'कारकुनाने चुकीचं लिहिलं' ही किल्ली हाती लागली की माणसाला कुठलंच कुलूप जड वाटत नाही. कुणबी म्हणजे कोळी, डाग म्हणजे ठाणे, वाय म्हणजे लकेर, आणि आता सिंगापूर. आणखी एखादा पुरावा आला असता तर मी मॉरिशस म्हणजेच मोरा हेही सिद्ध केलं असतं.

संध्याकाळी बंदरावर सत्कार. फ्लेक्स आला होता. वर लिहिलं होतं, 'मॉरिशसहून पाच पिढ्यांनी परतलेल्या करंजाच्या सुपुत्राचे हार्दिक स्वागत'. खाली पाहुण्यांचं आडनाव तिसऱ्याच स्पेलिंगात, आणि त्याखाली स्वागतोत्सुक म्हणून माझं नाव, त्यातला म्हा पाय घसरून 'महा' झालेला. शाल आली, नारळ आला, मी उभा राहिलो आणि गिलख्रिस्टपासून सुरुवात केली. ऐकणारे बरेच होते, कारण बर्फाची गाडी उशिरा आली होती आणि कोणाला हलता येत नव्हतं.

मी सिंगापूरपर्यंत पोचलो तेव्हा गाडीही पोचली. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला. साताऱ्याकडचा गडी. तिकडची कितीतरी माणसं माथाडी म्हणून, ड्रायव्हर म्हणून वाशी-उरण भागात स्थिरावली आहेत. त्याने माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं, मग तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाला, "आवं, सिंगापूर कशाचं? शिंगणापूर म्हणत्यात त्ये. शिखर शिंगणापूर, आमच्या माणातलं. चैताला कावडी जात्यात तिथं."

धोंडूसाहेबांनी 'कावडी' हा शब्द ऐकला आणि ताडकन उठले. आजीच्या तोंडचा तो शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकला होता आणि त्याचा अर्थ त्यांना आजवर कोणी सांगितला नव्हता. शाल सावरत ते ड्रायव्हरपाशी गेले. कागद पुढे केला. त्याने तो बर्फाच्या ओल्या हातात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "करंजे लिवलंय की. साताऱ्याजवळचं."

मग मी पुन्हा कागद पाहिला. सी-ए-आर-ए-एन-जे-ए-वाय. ए आणि वाय मिळून जुन्या वळणाचा 'ए' होतो, हे मी इतरांना कितीदा तरी सांगितलेलं आहे. आणि डागाखालून डोकावणारा टी-टी-ए-आर-ए-एच. साताऱ्याचं जुनं स्पेलिंग एस-ए-डबल टी-ए-आर-ए, कधी पुढे एच. ठाण्याच्या नावात डबल टी कुठून येणार, हा प्रश्न मला दिवसभरात एकदाही पडला नव्हता. करंजा 1883 पर्यंत ठाण्यात होतं, हे मला ठाऊक नसतं, तर कदाचित मी तिथे जे लिहिलंय तेच वाचलं असतं.

आत्या म्हणाली, "मी काय सांगीत होतू?" आणि तिने पाहुण्यांना आणखी एक भाकरी बांधून दिली. सुपुत्र नसला तरी तो जेवायला आलेला होता.

रात्री मी अपमानाची थोडी भरपाई करायची ठरवली. गाव चुकलं, पण आडनाव तर दुरुस्त करून देऊ! कागदावर मी सुबक अक्षरात लिहिलं, डी-एच-ओ-एन-डी-यू. "हे खरं. हंटरच्या पद्धतीने शुद्ध. राजपत्रात छापून बदलून घेता येतं. तुमच्याकडेही काहीतरी सोय असेलच."

त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत मला शिकवणी दिली. म्हणाले, "मस्य मात्र, आपल्याकडे पाडे आहेत, तशी आमच्याकडे स्पेलिंगे आहेत. डबल ओ म्हणजे आमचे घर. ओ-यू म्हणजे काका दुसऱ्या मळ्यावर गेले, ती शाखा. एच नसलेले, त्यांच्याशी आमचा जमिनीचा वाद आहे. मी यू लावला, तर मी कोणाचाच राहणार नाही. रजिस्टरात मला सापडले, ते डबल ओ शोधल्यामुळे सापडले. ते शुद्ध केले, तर माझा नातू काय शोधील?"

मी गप्प. मग त्यांनी हळूच विचारलं, "आपली कागदपत्रे पाहू शकतो का?"

बायकोने उत्साहाने पिशवीच आणून ओतली. रेशनकार्डावर महात्रे. वीजबिलावर मात्रे. पासबुकात ई-च्या जागी ए-ई. एका जुन्या दाखल्यावर एच टीच्या पुढे गेलेला. धोंडूसाहेबांनी सगळे कागद ओळीने लावले, चष्मा काढला आणि पोट धरून हसले. म्हणाले, "आमच्या पूर्वजांना यासाठी समुद्र ओलांडावा लागला. आपण तर गाव न सोडता स्थलांतरित झालात!"

त्यांच्या त्या स्पेलिंगांना निदान शाखा तरी होत्या. माझ्यात मी एकटाच, आणि तरी चार घरांत विभागलेला.

दुसऱ्या दिवशी ते साताऱ्याला गेले. ड्रायव्हरच्या मेव्हण्याची गाडी त्या बाजूला निघाली होती. लाँचचा प्रवास टळला म्हणून पाहुणे अधिकच आनंदात. तिथे त्यांना घर सापडलं की नाही, ते मी विचारलेलं नाही. पण शिंगणापूरच्या पायऱ्यांवरचा त्यांचा फोटो आला. अंगावर आमचीच शाल. खाली मजकूर, शुद्ध मराठीत: 'करंजाच्या सुपुत्राचा करंज्याहून नमस्कार.' मला चिडवलं की आभार मानले, हे शाळेत शिकलेल्या मराठीवरून कळत नाही.

फ्लेक्सवाल्याने पैसे परत द्यायला नकार दिला. त्याचं म्हणणं, करंजाचं करंजे करायला एक मात्रा लागते, ती तो फुकट चिकटवून देईल. मात्रा हा शब्द ऐकून बायको बराच वेळ हसत होती.

प्राध्यापकांचे फोन अजून येतात. मध्ये कोणाच्या तरी कागदावर डबल ओ-आर-यू-एन असं काहीतरी होतं, आणि ते उरण असेल का, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडात पोर्तुगीज, सालबाई आणि 1883 एकदम आले. ते गिळले आणि म्हणालो, सांगतो, पण उद्या. आता कोणी जुना कागद घेऊन आलं की मी आधी बर्फाच्या गाडीची वेळ विचारतो.